वाचकांचे प्रश्न : जुन्या विमानतळावरची सकाळ

प्रश्न : एका लहान, जुन्या विमानतळावर सकाळचे दोन-तीन तास निवांत घालवण्याचा आमचा बेत आहे. घरचे म्हणतात, गवताचा माळ आणि पत्र्याच्या चार शेड, त्यात पाहायचे काय? लवकर जाण्याने खरेच काही साधते का?

उत्तर : घरच्यांनी ज्याला माळ म्हटले आहे, तोच त्या जागेचा सर्वांत जुना आणि माझ्या मते सर्वांत बोलका भाग आहे. आरंभीच्या बहुतेक विमानांच्या चाकांना ब्रेक नसत; शेपटीखालची पट्टी जमिनीवर घासत जाऊन विमान थांबे, आणि आडवा वारा तर त्यांना सोसतच नसे. वारा जिकडून येईल तिकडे तोंड करून उडता-उतरता यावे म्हणून चारी बाजूंनी मोकळे मैदान लागे, एकच लांब पट्टी पुरत नसे. पुढे विमाने जड झाली, ओल्या गवतात चाके रुतू लागली आणि काँक्रीट आले, तरी वाऱ्याची अट सुटली नाही. म्हणूनच दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश तळांवर सुमारे 2000 यार्डांची एक मुख्य आणि 1400 यार्डांच्या दोन दुय्यम, अशा एकमेकींना छेदणाऱ्या तीन धावपट्ट्या आखण्याची पद्धत पडली. तेव्हा आधी विंडसॉक, म्हणजे खांबावरचा तो कापडी मोजा, कोणत्या बाजूला फुगला आहे ते पाहा आणि मग हँगरकडे, म्हणजे विमाने ठेवण्याच्या शेडकडे वळा.

लवकर जाण्याला कारणही हवेचेच आहे. ऊन चढले की जमीन कमी-अधिक तापते, गरम हवा वर उठू लागते आणि हलकी विमाने हिंदकळतात. सकाळी ती बहुधा शांत असते. अगदी जुनी विमाने अशा हवेखेरीज बाहेर काढतच नाहीत. इंग्लंडमधील ओल्ड वॉर्डन येथे 1909 सालचे ब्लेरिओ विमान आजही उडण्याच्या स्थितीत आहे, पण वारा जवळजवळ पडलेला असेल तेव्हाच ते धावपट्टीवरून थोडे वर उचलले जाते. (तेथे ही शांतता बहुधा संध्याकाळी साधतात, हे खरे.) निरभ्र, वारा पडलेल्या रात्रीनंतर पहाटे धुके दाटले, तर मात्र ते विरेपर्यंत वाट पाहण्याची तयारी ठेवा.

हँगरमध्ये सगळी विमाने भराभर पाहण्यापेक्षा एकाच विमानापाशी रेंगाळावे. 1931 साली प्रथम उडालेले टायगर मॉथ हे दुपंखी विमान दिसले, तर त्याच्या पंखांचे कापड तिरप्या उजेडात पाहा. डोप नावाच्या लेपाने ते ढोलकीच्या पुडीसारखे ताणलेले असते आणि खालच्या लाकडी फासळ्यांच्या रेघा त्यावर स्पष्ट उमटतात. ते सुरू करताना पाहायला मिळाले, तर तेवढ्यासाठीही पहाटे उठणे सार्थकी लागते, कारण मुळात त्याला स्टार्टर नाही. चाकांना अडण्या लावतात, स्विच बंद ठेवून इंजिनात इंधन ओढून घेण्यासाठी प्रॉपेलर हाताने काही वेळा फिरवतात, मग ‘कॉन्टॅक्ट’ अशी हाक होते, स्विच चालू होतो आणि एका झटक्यात पाते खाली ओढले जाते. त्या क्षणी ओढणाऱ्याच्या हातांपेक्षा पायांकडे लक्ष द्या: ओढतानाच तो एक पाय असा झोकतो की सगळे अंग आपोआप पात्यापासून मागे जावे.

प्रश्न : विमान बंदच असेल, तर प्रॉपेलरला हात लावून छायाचित्र काढण्यास हरकत आहे का?

उत्तर : आहे, आणि ती निव्वळ नियमापुरती नाही. अशा इंजिनांतील ठिणगी मॅग्नेटो, म्हणजे फिरताना स्वतःच वीज निर्माण करणारा भाग देतो, आणि त्याला बॅटरी लागत नाही, नुसते फिरणे पुरते. स्विच बंद करणे म्हणजे एका तारेने त्याचा प्रवाह इंजिनाच्या धातूच्या अंगात वळवणे. ती तार तुटलेली असेल, तर स्विच ‘बंद’ दाखवत असतानाही पाते थोडेसे हलताच इंजिन सुरू होऊन फिरू शकते. त्यामुळे जाणकार लोक स्थिर प्रॉपेलरही चालू असल्याचे धरूनच त्याच्या फेऱ्याबाहेर उभे राहतात. छायाचित्रासाठी शेपटीकडची बाजू निवडावी. नोंदणीची मोठी अक्षरे अनेकदा तेथेच रंगवलेली असतात. कापडावर मात्र बोट टेकवू नये.