प्रश्न तुमचे : वैद्यकीय अभियांत्रिकीत पदव्युत्तर शिक्षण

प्रश्न : मी इलेक्ट्रॉनिक्सची पदवीधर असून दोन वर्षे नोकरी करीत आहे. वैद्यकीय अभियांत्रिकीत पदव्युत्तर पदवी घ्यावी, असे मनात आहे. परंतु जीवशास्त्राशी माझा संबंध शाळेतच सुटला. तो अभ्यास मला झेपेल का? आणि पुढे ना धड अभियंता, ना धड वैद्यकीय क्षेत्रातली, अशी माझी अवस्था तर होणार नाही ना?

उत्तर : पहिली शंका त्या मानाने सोपी आहे. या अभ्यासक्रमात मुख्यतः शरीरक्रियाशास्त्र लागते, आणि दाब, प्रवाह व रोध यांची गणिते ज्याने सोडवली आहेत त्याला ते परके वाटत नाही. रक्तवाहिन्यांतील प्रवाह तर पुष्कळदा ओहमच्या नियमाच्या धर्तीवरच समजावला जातो. शरीररचनेतील नावे मात्र पाठ करावी लागतात, त्याला इलाज नाही.

दुसऱ्या शंकेसाठी पल्स ऑक्सिमीटरचा, म्हणजे बोटाला लावून रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण मोजणाऱ्या उपकरणाचा, जन्म आठवावा. १९७०च्या दशकाच्या आरंभी ताकुओ आओयागी हे जपानी अभियंते रक्तात रंगद्रव्य सोडून, कानाच्या पाळीतून पार होणाऱ्या प्रकाशावरून, हृदय किती रक्त पुढे ढकलते हे मोजू पाहत होते. नाडीच्या ठोक्यांमुळे त्यांच्या आलेखात चढउतार येत. ते घालवण्यासाठी त्यांनी दुसऱ्या तरंगलांबीचा प्रकाश जोडीला घेतला, तेव्हा रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण बदलले की तो व्यत्यय पुन्हा डोके वर काढतो, असे दिसून आले. ठोक्यागणिक बदलणारा प्रकाशाचा भाग रोहिणीतील रक्तामुळे बदलतो, हे ओळखून त्यांनी त्या व्यत्ययालाच संकेत मानले. आज बोटाला लावायच्या चिमट्यात साधारणतः ६६० व ९४० नॅनोमीटरचे दोन दिवे असतात, ते याच विचारातून. यात गणित अभियंत्याचे होते आणि त्याचा अर्थ शरीराने पुरवला. म्हणून इलेक्ट्रॉनिक्सवरची पकड सैल होऊ देऊ नका. या क्षेत्रात तुमची ओळख तीच राहील.

संस्था निवडताना अभ्यासक्रमाच्या आकर्षक नावापेक्षा प्रबंधाचे विषय कोठून येतात, हे पाहावे. संगणकावर आयता मिळालेला विदासंच (डेटासेट) घेऊन अचूकतेचा आकडा वाढवणारे प्रबंध उदंड झाले आहेत (माझे हे मत काही प्राध्यापकांना रुचणार नाही). त्यापेक्षा स्वतःच्या हातावर इलेक्ट्रोड लावून, जेमतेम एक मिलिव्होल्टचा हृदयसंकेत वीजपुरवठ्याच्या गोंगाटातून वेगळा काढताना विद्यार्थी अधिक शिकतो. रुग्णांवर अभ्यास करायचा असल्यास नैतिकता समितीची मंजुरी लागते व तिला महिने लागू शकतात. दोन वर्षांच्या मुदतीत हे बसवायचे, तर पहिल्याच सत्रात मार्गदर्शकांशी बोलावे.

जोखीम व्यवस्थापनाचा विषय ऐच्छिक असला तरी तो घ्यावा. थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राने १९८५ ते १९८७ या काळात किमान सहा रुग्णांना मात्रेपेक्षा कितीतरी अधिक किरणोत्सर्ग दिला. आधीच्या यंत्रांतील सुरक्षेच्या यांत्रिक कड्या काढून सारी भिस्त सॉफ्टवेअरवर ठेवली होती आणि त्या सॉफ्टवेअरमध्ये दोष होते. वैद्यकीय उपकरणांच्या जोखीम व्यवस्थापनाचे आयएसओ १४९७१सारखे मानक वाचताना रटाळ वाटते खरे, पण उपकरणे बनवणाऱ्या कंपन्यांत रोजचे काम त्याच भाषेत चालते.

नोकरीचा राजीनामा देण्यापूर्वी त्या विभागातील दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला भेटा आणि प्रबंधाच्या कामासाठी तो रुग्णालयात किती वेळा गेला, एवढेच विचारा.