वाचकांचे प्रश्न : पृथ्वीच्या पोटातला दाब प्रयोगशाळेत कसा आणतात?

प्रश्न : आमच्या तालुक्यात तुरळ आणि राजवाडी येथे गरम पाण्याचे झरे आहेत. पृथ्वीच्या पोटातील उष्णतेचा तो पुरावा, असे लहानपणापासून ऐकत आलो. ग्रहांच्या अंतर्भागाचा अभ्यास आता लेसरने करतात, असे अलीकडे वाचनात आले. लेसरचा किरण जमिनीत एवढा खोल जातो का?
— एक वाचक, संगमेश्वर

उत्तर : नाही, लेसरचा प्रकाश खडकात शिरत नाही. आपल्या झऱ्यांचे पाणीही भेगांतून फार तर काही किलोमीटर खोल जाऊन, तापून वर येते. माणसाने पाडलेले सर्वांत खोल छिद्र रशियातील कोला द्वीपकल्पावरचे, १२,२६२ मीटरचे. पृथ्वीचे केंद्र मात्र सुमारे ६,३७१ किलोमीटरवर आहे. भूकंपलहरींच्या आधारे डॅनिश भूकंपशास्त्रज्ञ इंगे लेहमन यांनी १९३६ मध्ये अंतर्गाभ्याचा, म्हणजे केंद्राभोवतीच्या घन गोळ्याचा, शोध लावला, परंतु हवेच्या दाबाच्या सुमारे ३६ लाख पट दाबाखाली तिथले लोखंड कसे वागते, हे तपासायचे तर तो दाब प्रयोगशाळेतच निर्माण करावा लागतो, आणि लेसरचे काम तेच आहे.

शक्तिशाली लेसर नमुन्यावरील पातळ थरावर पडला की त्या थराचा पृष्ठभाग क्षणार्धात तापून बाहेरच्या दिशेने उडतो. होडीतून धक्क्यावर उडी मारली की होडी जशी मागे रेटली जाते, तसा उरलेला पदार्थ आत रेटला जातो आणि दाबाची लाट नमुन्यातून धावते. हा दाब एकदम दिला, तर पदार्थ अतिशय तापून बहुधा वितळतो, आणि ग्रहाच्या गाभ्यासारखी दाट पण तुलनेने कमी तापलेली अवस्था हाती येत नाही. म्हणून लेसरच्या अवघ्या काही अब्जांश सेकंदांच्या झोतातही त्याची शक्ती चढत्या क्रमाने वाढवतात. मला या साऱ्या तंत्रातला हाच भाग सर्वांत कौशल्याचा वाटतो. नमुन्याच्या मागच्या बाजूवरून दुसरा, सौम्य लेसर परावर्तित करून ती बाजू किती वेगाने सरकते हे मोजतात आणि त्यावरून दाब व घनता काढतात; क्ष-किरणांच्या झोताने अणूंची मांडणीही टिपता येते.

कॅलिफोर्नियातील नॅशनल इग्निशन फॅसिलिटी या प्रयोगशाळेत १९२ लेसर किरण आहेत. तिथे हिऱ्यावर हवेच्या सुमारे ५ कोटी पट दाब आणल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या दाबाखाली हिरा शिशापेक्षाही दाट झाला होता. पुढे लोखंडाचा वितळणबिंदू सुमारे १ कोटी पट दाबापर्यंत मोजला गेला. गाभ्यातील लोखंड किती काळ द्रव राहते यावर ग्रहाचे चुंबकीय क्षेत्र अवलंबून असल्याने, दूरच्या ताऱ्यांभोवतीच्या मोठ्या खडकाळ ग्रहांविषयी अंदाज बांधताना ही मोजमापे फार मोलाची ठरतात.

प्रश्न : या प्रयोगांमुळे कोयनेच्या भूकंपांची पूर्वसूचना मिळू शकेल का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : नाही. कोयनेचे भूकंप, ११ डिसेंबर १९६७ चा विनाशकारी भूकंप धरून, कवचाच्या वरच्या थरात होतात. तिथला दाब हवेच्या काही हजार पटच असतो आणि तेवढ्यासाठी लेसरची गरज पडत नाही. त्या अभ्यासासाठी कोयना परिसरात सुमारे ३ किलोमीटर खोल छिद्र पाडण्यात आले आहे.