जोतिबाहून आल्यापासून फोनचा आवाज दबका येतोय, स्पीकर घरच्या घरी साफ करता येईल का?

येईल. तुम्ही लिहिलंय की गाणी दबकी वाजतात, कॉलवर समोरच्याचं नीट ऐकू येत नाही, दुकानदार स्पीकर बदला म्हणतो, आणि टाचणीने टोकरून किंवा स्पिरिटने पुसून चालेल का. त्यावरून तुमचा स्पीकर गेलेला नाही, त्याची जाळी गुलालाने बुजलीय. दुकानदाराने बदलायला सांगितलाय तो स्पीकर आतून बहुधा ठणठणीत असेल. टाचणी आत्ताच बाजूला ठेवा, आणि स्पिरिटची बाटलीही अजून उघडू नका.

मी कोल्हापुरात मोबाईल दुरुस्ती करतो. जोतिबाची चैत्र यात्रा झाली की काउंटरवर असेच फोन येतात: चार्जिंगच्या भोकात गुलाबी, जाळीत गुलाबी, कव्हर काढलं की मागची अख्खी पाठ गुलाबी. पट्टणकोडोलीच्या यात्रेनंतर तेच सगळं पिवळं, भंडाऱ्याचं, म्हणजे हळदीचं. यातले बरेच फोन एक स्क्रूही न उघडता पूर्वीसारखे वाजायला लागतात. म्हणून नवा स्पीकर घालण्याआधी तासभर याला द्या.

तुमच्या प्रश्नात दोन तक्रारी एकत्र आल्यात. गाणी दबकी वाजतात ही एक, आणि कॉलवर समोरच्याचं नीट ऐकू येत नाही ही दुसरी. ही दोन वेगळ्या जागांची दुखणी आहेत. खाली चार्जिंगच्या भोकाशेजारी असतो तो रिंगर. गाणी, रिंगटोन, स्पीकरवर टाकलेला कॉल हे सगळं तो वाजवतो. वर काचेच्या कडेला बारीक फट दिसते, तिथे कानाला लावायचा रिसीव्हर. शिवाय माइक, बहुतेक फोनना निदान दोन: एक तळाला, आणि एक वरच्या कडेला किंवा कॅमेऱ्याजवळ, आजूबाजूचा गोंगाट कापायला. ज्या फोनना स्टिरिओ आवाज आहे त्यांच्यात बहुतेक वेळा वरचा रिसीव्हरच दुसरा स्पीकर म्हणून वाजतो. त्यामुळे तो बुजला की कॉलही मंद आणि गाणीही एकांगी.

कोण बुजलंय ते आधी ठरवा. कव्हर काढा. ब्लूटूथ बंद करा, कारण फोन गाडीला किंवा टीव्हीला जोडलेला राहिला की आवाज तिकडे जातो आणि आपण स्पीकरला दोष देत बसतो. कॉल चालू असतानाच आवाजाचं बटण वाढवून बघा, कॉलचा आवाज आणि गाण्याचा आवाज फोन वेगवेगळा धरतो. सॅमसंग असेल तर डायलपॅडवर *#०*# दाबा, तपासणीची स्क्रीन उघडते आणि तिच्यात रिसीव्हर व स्पीकर वेगवेगळे वाजवता येतात. रेडमी-शाओमीला *#*#६४८४#*#* चालतं. माइकसाठी फोनमधल्या रेकॉर्डरवर चार वाक्यं बोला आणि ऐका. आवाज कमी आहे पण स्वच्छ आहे, तर जाळी बुजलीय. फाटका, खरखरीत येतो, तर आत काहीतरी अडकलंय किंवा स्पीकरचा थरथरणारा पडदा फाटलाय. कडेला दाबल्यावर येतो आणि सोडल्यावर जातो, तर आतला कॉन्टॅक्ट सैल आहे. आणि वरच्या पट्टीत हेडफोनचं चिन्ह दिसतंय पण हेडफोन लावलेलाच नाही, तर जॅकमध्ये कचरा किंवा ओल आहे, स्पीकरचा काही संबंध नाही.

रिसीव्हरबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण ही गोष्ट मला मनापासून खटकते. त्या फटीत केसाचं तेल, घाम, पावडर रोज थोडं थोडं साचतं. त्यात स्क्रीनगार्ड जरा वर सरकून बसला असेल, तर त्याची कड अर्धी फट झाकते आणि कडेच्या डिंकाला धूळ चिकटत राहते. आवाज इतका सावकाश उतरतो की वापरणाऱ्याला कळतही नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना मग सगळे म्हणायला लागतात, "तुम्हाला ऐकू येईना झालंय." ती माणसं फोनवर बोलायचंच कमी करतात. दोष असतो जाळीचा. आज आई-वडिलांचा, आजीचा फोन हातात घ्या, त्यावरून कुणाला तरी कॉल लावा आणि स्वतः कानाला लावून ऐका. स्क्रीनगार्ड काढून, फट पुसून परत ऐका.

आता साफसफाई. पहिला नियम: कोरडं आधी, ओलं नंतर, आणि ओलं लागेलच असं नाही. गुलालात रंग असतो आणि रंगाला धरून ठेवायला स्टार्चसारखी किंवा शंखजिऱ्यासारखी बारीक पूड असते. कोरडी आहे तोवर ती जाळीवर नुसती बसलेली असते. तिच्यावर पाण्याचा किंवा स्पिरिटचा थेंब पडला की भिजवलेल्या पिठासारखा लगदा होतो, रंग विरघळतो आणि दोन्ही जाळीतून आत उतरतात. हळदीचंही तेच. मग मात्र फोन उघडण्यावाचून इलाज राहत नाही.

फोन बंद करा. लहान मुलांचा मऊ टूथब्रश घ्या, नवा आणि पूर्ण कोरडा. त्याहून चांगला म्हणजे चित्रकलेचा चपटा ब्रश, त्याचे केस कात्रीने निम्मे कापून टाकायचे. केस आखूड झाले की ब्रशला हवा तेवढाच ताठपणा येतो. फोन असा धरा की जाळीचं तोंड जमिनीकडे, आणि ब्रश खालून लावा. ब्रश आत खुपसायचा नाही, जाळीच्या लांबीला धरून आडवा, हलक्या हाताने फिरवायचा. सुटलेली पूड खाली पडली पाहिजे. फोन टेबलावर उताणा ठेवून घासलं तर तीच पूड पुन्हा आत ढकलली जाते, आणि घरी साफ करणारे बहुतेक जण नेमके इथेच चुकतात. खाली पांढरा कागद अंथरा, काय पडतंय ते दिसतं. दोन-चार वेळा फिरवून ब्रश कागदावर झटका, परत फिरवा. फोनचा तळ हातावर हळूच आपटा. कागदावर गुलाबी पडायचं थांबेपर्यंत हेच करा, घाई करू नका.

मग चिकटपट्टी. रंगकामाची कागदी मास्किंग टेप असेल तर उत्तम, नसेल तर साधी सेलोटेप. जाळीवर लावायची, बोटाने हलकं दाबायचं, एका झटक्यात उचलायची. दरवेळी टेपचा नवा भाग. भिंतीवर पोस्टर चिकटवायचा रबरी गोळा स्टेशनरीच्या दुकानात मिळतो, तोही चालतो: बोटांत मळून जाळीवर टेकवायचा आणि उचलायचा. उन्हाळ्यात तो फार मऊ पडतो, तेव्हा जोरात दाबलात तर त्याचेच तुकडे भोकात राहतील. माइकच्या भोकावर तो लावूच नका.

एवढ्यावर तुमचं काम होईल असं मला वाटतं. रिसीव्हरच्या जाळीत तेलकट थर असेल तरच ओल्याकडे वळा. त्याला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं, मोबाईलचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात 'आयपीए' म्हणून मागा. हातांचं सॅनिटायझर वापरू नका, त्यात ग्लिसरीन असतं, ते चिकट राहतं आणि धूळ धरतं. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर हे प्लास्टिक आणि रंग खातात. आयपीए फोनवर ओतायचं नाही. ब्रशच्या टोकाला एक थेंब, तो टिश्यूवर टिपून घ्या, ब्रश फक्त दमट राहू दे. जाळी पुन्हा खाली, तोच आडवा हात. नंतर अर्धा तास फोन चालू करू नका. जाळीमागे बारीक डिंकाचं कडं असतं, जास्त आयपीए गेलं तर ते सुटतं.

टाचणीचं तुम्ही विचारलंय म्हणून सांगतो, ती नेमकं काय बिघडवते. जाळीमागे स्पीकरचा पडदा, आणि पाण्यापासून संरक्षण असलेल्या फोनमध्ये त्याच्याही आधी एक पातळ कापडासारखी झिल्ली असते, हवा जाऊ देणारी पण पाणी अडवणारी. टाचणीने तिला भोक पडलं की फोनवर आयपी ६८ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) लिहिलेलं असलं तरी त्याला काही अर्थ उरत नाही. माइकचं तर याहून नाजूक. आजचा माइक म्हणजे सिलिकॉनचा छोटासा तुकडा, त्यातला पडदा मायक्रॉनच्या आसपास जाडीचा. सिम काढायची पिन चुकून माइकच्या भोकात घातली म्हणून आलेले फोन मी नेहमी बघतो. सिमच्या भोकाभोवती ट्रेची रेघ दिसते, माइकच्या भोकाभोवती नसते, तेवढं बघून मगच पिन लावा.

गॅरेजातल्या कॉम्प्रेसरची हवाही मारून घेऊ नका. आपल्याकडे हे सर्रास चालतं. त्या हवेत पाण्याचे आणि तेलाचे कण असतात आणि दाब एवढा की माइकचा पडदा एका फुंकरीत जातो. हेअर ड्रायरने ओल वाळते कमी आणि आत सरकते जास्त.

पाणी काढायच्या व्हिडिओंमागे तथ्य आहे, पण ते पाण्यापुरतं. खोल, कमी कंपनांचा आवाज, साधारण १६५ हर्ट्झच्या आसपासचा, लावला की पडदा मोठी हालचाल करतो आणि जाळीतले थेंब बाहेर फेकतो. ॲपलने २०१६ च्या घड्याळात हीच युक्ती दिली, शाओमीच्या बऱ्याच फोनमध्ये सेटिंगमध्येच स्पीकर साफ करायचा पर्याय असतो. फोन पावसात भिजला असेल तर जाळी खाली धरून थोडा वेळ जरूर लावा. गुलालावर फारसा उपयोग नाही. भिजलेला फोन तांदळात पुरू नका, ॲपलनेही तसं स्पष्ट सांगितलंय, कारण तांदळाचे बारीक कण फोनमध्ये जातात. पंख्याखाली ठेवलेला बरा. आवाज दुप्पट करणारी ॲप मात्र काढून टाका. बुजलेल्या स्पीकरमधून जोर लावून आवाज काढायला गेलं की आतली कॉइल तापते.

शिरोली एमआयडीसीत किंवा लेथवर काम करणाऱ्यांसाठी वेगळी गोष्ट. स्पीकरमध्ये चुंबक असतं, ते हवेतला लोखंडाचा कीस ओढून घेतं. भिंगाखाली जाळी बघितली की तिच्यावर चकचकीत कण टोकावर उभे राहिलेले दिसतात. काही आत जाऊन पडद्याला चिकटतात आणि मोठ्या आवाजात खरखर सुरू होते. ब्रशने ते नुसते जागा बदलतात, कारण चुंबक सोडत नाही. इथे टेप किंवा रबरी गोळाच लागतो. आत गेलेले निघत नाहीत, स्पीकर बदलावा लागतो. फाउंड्रीत काम असेल तर फोन झिप असलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. स्क्रीन पिशवीतूनही चालते.

एवढं करूनही रिंगर बोलत नसेल, तर फोन उघडायचा प्रश्न येतो. वॉरंटी असेल तर उघडू नका, सर्व्हिस सेंटरला द्या. वॉरंटी संपलीय आणि हात बसलेला आहे, तर साध्या अँड्रॉइडमध्ये हे काम जमण्यासारखं आहे. बॅटरी २५ टक्क्यांच्या खाली उतरवून फोन बंद करा, मागची पाठ गरम करून प्लास्टिकच्या पट्टीने सोडवा, लोखंडी पातं बॅटरीजवळ नेऊ नका. बॅटरी फुगलेली दिसली तर तिथेच थांबा. काढलेला प्रत्येक स्क्रू कागदावर त्याच्या जागेप्रमाणे मांडा, लांब स्क्रू आखूड जागी गेला तर बोर्डात घुसतो. रिंगर एका प्लास्टिकच्या डबीत असतो आणि बोर्डाच्या दोन पितळी पत्त्यांवर नुसता टेकतो. या पत्त्यांवर काळपट थर आला की आवाज ये-जा करतो. पेन्सिलच्या खोडरबराने डबीवरचे सोनेरी ठिपके पुसा, आयपीएने स्वच्छ करा, पत्ती चिमट्याने किंचित उचला. कितीतरी 'मेलेले' स्पीकर एवढ्यावर उठतात. मल्टिमीटर असेल तर २०० ओहमवर लावा: रिंगर साधारण ६ ते ८ ओहम दाखवतो, बऱ्याच फोनचा रिसीव्हर ३२ च्या आसपास. आकडाच आला नाही तर कॉइल तुटलीय, अख्खी डबी बदला.

आयफोन एक्सपासून १२ पर्यंतचा असेल तर रिसीव्हरला घरी हात लावू नका. रिसीव्हर ज्या वायरपट्टीवर असतो तिच्यावरच फेस आयडीचा, म्हणजे चेहरा ओळखून फोन उघडण्याचा, भाग आहे. पट्टी तुटली किंवा दुसरी बसवली की फेस आयडी बंद. आणि कुठलाही फोन एकदा उघडला की त्याचं पाण्यापासूनचं संरक्षण गेलं असंच धरा.

इअरबडचा एक कान हळू वाजतो, तिथे बहुतेक कानाचा मळ असतो. रबरी टोपी काढून साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा. जाळी खाली धरून कोरड्या ब्रशने वरचीच रीत, ओलं काही नाही. तरीही फरक राहिला तर फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये डाव्या-उजव्या आवाजाची पट्टी असते, ती मधोमध आहे का बघा. बोट लागून ती सरकलेली असते.