खोका राहू दे, आधी सेलचा कप्पा बघा

१९७८ सालचा 'स्पीक अँड स्पेल', म्हणजे शब्द बोलून स्पेलिंग विचारणारं इलेक्ट्रॉनिक खेळणं, मूळ खोक्यासकट मिळतोय, पण विकणारा म्हणतो 'चालवून पाहिलेला नाही', तर घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. तो सांगतोय त्या किमतीला घेऊ नका. त्याला चार सी सेल लागतात आणि ते आजही मिळतात. सेल घालून बटण दाबायला कितीसा वेळ लागतो? तेवढंही केलेलं नसेल तर खेळणं बंद आहे असंच धरून भाव ठरवा.

जुन्या इलेक्ट्रॉनिक खेळण्यात काय बदलता येतं आणि काय येत नाही, हे कळणं खोक्यापेक्षा फार महत्त्वाचं. १९८५ च्या 'टेडी रक्सपिन' या बोलणाऱ्या अस्वलातला कॅसेट फिरवणारा पट्टा सैल पडला तर नवा बसवता येतो, कारण आत साधी कॅसेट फिरते. 'गेम अँड वॉच' या निन्टेंडोच्या हातात धरून खेळायच्या खेळाचा पडदा काळवंडला असेल तर बहुतेकदा वरची पोलरायझर फिल्म (आकडे-चित्रं दिसण्यासाठी प्रकाश गाळणारा पातळ पापुद्रा) खराब झालेली असते, तीही बदलता येते. काच तडकून आत शाईसारखा डाग पसरला असेल तर मात्र नाद सोडा.

'स्पीक अँड स्पेल'मध्ये ना टेप, ना तबकडी. माणसाच्या आवाजाचं गणिती रूप मेमरीत साठवलेलं असतं आणि टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने त्यासाठीच बनवलेली चिप त्यातून शब्द उभे करते. १९७८ मध्ये हे एका खेळण्यात बसवलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं! पण ती चिप गेली तर दुसऱ्या बंद खेळण्यातूनच काढावी लागते.

म्हणून विकणाऱ्याकडे सेलच्या कप्प्याचा जवळून काढलेला फोटो मागा. अल्कलाइन सेल गळला की पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं आणि हवेमुळे त्याची पांढरी खपली बनते. ती सेल टेकतात त्या पत्र्यांवरच असेल तर हातमोजे घालून, पांढऱ्या व्हिनेगरचा बोळा फिरवून, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली की काम होतं. पण हा द्रव तारेच्या आवरणाखालून सर्किटपर्यंतही सरकतो, त्यामुळे तारा काळ्या-हिरव्या दिसल्या तर आतलं नुकसान मोठं समजा.

पिवळं पडलेलं प्लास्टिक हायड्रोजन पेरॉक्साइडने उजळवण्याच्या फंदात पडू नका. पिवळेपणा बरेचदा परत येतो, आणि खेळणं चालण्याशी त्याचा काही संबंध नाही.

कप्पा स्वच्छ असेल तर चालू अवस्थेतला व्हिडिओ मागा, त्यात प्रत्येक अक्षर दाबून दाखवायला सांगा. घेतलंत तर खेळून झाल्यावर सेल काढून ठेवत जा.