क्रँकशाफ्ट मोडायचा कशाने?

प्रश्न : शंभर वर्षांपूर्वीच्या सहा सिलिंडरच्या गाड्यांचे क्रँकशाफ्ट तुटत, असं वाचलं. पोलाद कच्चं होतं का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : पोलादाला दोष देऊ नका. मी तीस वर्षं क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या धक्क्यांनी फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा) ग्राइंडिंग केलं. पिळामुळे मोडलेला शाफ्ट हातात घेतला की चीर आडवी नसते, साधारण ४५ अंशांत तिरकी चढत जाते. ती पाहिली की अजूनही जीव हळहळतो.

सहा सिलिंडरचा शाफ्ट लांब. प्रत्येक स्फोटाला तो ओल्या धोतरासारखा किंचित पिळतो, मग उलगडतो. मिनिटाला १२०० फेऱ्यांना सेकंदाला ६० स्फोट होतात. त्यांचा ठेका शाफ्टच्या स्वतःच्या कंपनाशी जुळला, की झोका वाढतच जातो. सगळी मेख इथेच आहे. नेपियर या ब्रिटिश कंपनीच्या गाड्यांत त्याचा खडखडाट ऐकू येई. रोल्स-रॉइसच्या ३० अश्वशक्तीच्या गाडीत तर शाफ्टच मोडले. म्हणून १९०६च्या ४०/५० मॉडेलला त्यांनी जाडजूड शाफ्ट आणि सात बेअरिंगं दिली.

लँचेस्टर या इंग्रज इंजिनियरची युक्ती मला सर्वांत आवडते (पेटंट १९१०चं) : शाफ्टच्या टोकाला तेलात घसरणारं छोटं फ्लायव्हील (जड चाक). शाफ्ट थरथरला की ते मागे रेंगाळतं आणि थरथर तेलातल्या घर्षणात जिरते.