उडायची मुभा, तिकीट मात्र स्वतःचं

प्रश्न : चिनी टेनिसपटू ली नाच्या यशामागे सुन जिनफांग या प्रशासक बाईंचा मोठा वाटा होता, असं वाचलं. त्या तर मूळच्या व्हॉलीबॉलपटू! टेनिसमध्ये त्यांनी नेमकं बदललं काय? माझी मुलगी टेनिस खेळते आणि एक प्रायोजक तिच्या कमाईतल्या टक्केवारीच्या बोलीवर पैसे घालायला तयार आहे, म्हणून मुद्दाम विचारतो.
– एक वाचक, सांगली

उत्तर : सुन जिनफांग म्हणजे 1981चा विश्वचषक जिंकणाऱ्या चिनी महिला व्हॉलीबॉल संघाच्या कर्णधार. जागा सेटरची, म्हणजे चेंडू उठवून द्यायचा आणि स्मॅश दुसरीनं मारायचा. प्रशासकाला याहून चांगली तालीम कुठली? 2004मध्ये चीनच्या टेनिस व्यवस्थापन केंद्राची सूत्रं त्यांच्याकडे आली. रॅकेट ठेवून वूहानला विद्यापीठात शिकायला गेलेल्या ली नाला परत आणण्यातही त्यांचा हात होता.

खरा निर्णय 2008च्या अखेरचा, बीजिंग ऑलिंपिकनंतरचा. तोवर प्रशिक्षक, सराव, दौरे सगळं सरकार ठरवी. खर्च सरकारचा आणि कमाईतले सुमारे 65 टक्केही सरकारजमा. सुन यांनी ली ना, झेंग जिए, पेंग श्वाई आणि यान झी या चौघींना मोकळं केलं. या सोयीला नाव पडलं 'दानफेई', एकटीनं उडणं. प्रशिक्षक आपला, वेळापत्रक आपलं, केंद्राला द्यायचे फक्त 8 ते 12 टक्के. मात्र प्रशिक्षकाचा पगार, विमान, हॉटेल, फिजिओ स्वतःच्या खिशातून, आणि देशाच्या संघाचं बोलावणं आलं की हजर. 2010मध्ये ली ना आणि झेंग जिए दोघी ऑस्ट्रेलियन ओपनच्या उपांत्य फेरीत पोचल्या. 2011मध्ये ली नानं फ्रेंच ओपन जिंकली. तिथल्या 12 लाख युरोंचा हिशेब मांडून बघा : 65 टक्क्यांनी 7 लाख 80 हजार गेले असते, 12 टक्क्यांनी फार तर 1 लाख 44 हजार.

पण ही मोकळीक परवडते ती वरच्या क्रमांकाच्या खेळाडूला. खालची खेळाडू 92 टक्के हातात येऊनही दौऱ्याचा खर्च भागवू शकत नाही, तिला खर्च उचलणारा प्रांताचा सरकारी संघच बरा.

तुमच्या करारातही हीच मेख आहे. '15 हजार डॉलरची स्पर्धा' म्हणतात ती रक्कम सगळ्या खेळाडूंत मिळून वाटली जाते. विजेतीला त्यातला छोटा हिस्सा मिळतो आणि परदेशात बहुधा त्यातूनही कर आधीच कापतात. म्हणून टक्केवारी एकूण बक्षिसावर कबूल करू नका. कर आणि दौऱ्याचा खर्च वजा जाता उरेल त्यावर ठेवा. वर्षाला अमुक कमाई होईपर्यंत काहीच द्यायचं नाही, अशी पायरी घाला. मुदत तारखेसकट हवी; 'संपूर्ण कारकिर्दीत' असे शब्द दिसले तर सही थांबवा. दुखापतीनं सहा महिने खेळ बंद पडला तर प्रायोजकाचे हप्ते चालू राहणार का, तेही स्पष्ट लिहून घ्या. नेमकं हेच कलम राहून जातं. मुलगी अजून 18ची नसेल, तर सही तुमची असणार. ती 18ची झाल्यावर अटी नव्यानं ठरवण्याचा हक्क तिच्याकडे राहील, असं आत्ताच घालून ठेवा.