फ्रिजमधल्या गमीज आणि सोलापूरहून येणाऱ्या आजी

कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतातल्या मिसिसागाहून एका ताईंचं पत्र आलंय. माहेर-सासर दोन्ही सोलापूरचं. वीस वर्षांच्या मुलाने फ्रिजमध्ये गांजाच्या गमीज, म्हणजे जेलीसारख्या मऊ गोळ्या, ठेवलेल्या सापडल्या. विचारलं तर म्हणाला, “आई, इथे कायदेशीर आहे. आपल्याकडे भांग पितातच की!” पुढच्या महिन्यात सासूबाई येताहेत, जानेवारीत सगळे गड्ड्याच्या यात्रेला सोलापूरला जाणार आहेत.

ताई, कायद्याचं त्याचं म्हणणं खरं आहे. १७ ऑक्टोबर २०१८ पासून कॅनडात गांजा कायदेशीर आहे, ऑन्टॅरिओत वयाची अट १९ वर्षं. त्यामुळे पोलिसांची भीती घालू नका, तो तुमच्याशी बोलणंच सोडेल. पण गांजा निर्धोक ठरला म्हणून हा कायदा आला नाही. पोराटोरांच्या हाती काळ्या बाजारातला माल पडू नये, आत काय आहे ते वेष्टनावर कळावं, हा त्यामागचा हेतू. म्हणून आधी पाकीट बघा. परवान्याच्या मालाचं वेष्टन साधं असतं, त्यावर लाल अष्टकोनी खूण असते आणि एका पाकिटात टीएचसी (गांजातलं नशा आणणारं द्रव्य) १० मिलिग्रॅमच्या वर नसतं. गोळ्या-चॉकलेटसारखं चकचकीत पाकीट असेल, तर त्यात किती आहे ते मुलालाही ठाऊक नाही.

मला खरी काळजी त्या फ्रिजची वाटते. गांजाचे खाण्याचे प्रकार दुकानात आल्यावर ऑन्टॅरिओ, अल्बर्टा, ब्रिटिश कोलंबियात विषबाधेने दवाखान्यात दाखल होणारी लहान मुलं खूप वाढली. क्वेबेक प्रांताने गमीज-चॉकलेटं विकूच दिली नाहीत, तिथे तशी वाढ झाली नाही. आणि खाल्लेला गांजा चढायला अर्ध्या तासापासून दोन तास लागतात. तोवर काहीच झालं नाही म्हणून माणूस आणखी एक तोंडात टाकतो. शेंगाचटणीचा डबा काढताना सासूबाईंना ती जेली दिसली, तर बीपीच्या गोळ्या घेणाऱ्या त्या बाईंचं काय होईल, विचार करा. आजच कुलपाचा डबा आणा. कुणी चुकून खाल्लंच, तर ताबडतोब ९११ला फोन करा आणि काय खाल्लंय ते लाज न धरता सांगा. लपवण्यात उपचाराचा वेळ जातो.

मुलाशी बोलताना एक गोष्ट सांगाच, जी आपण घरात कधी बोलत नाही. कुणा काका-मामाला भ्रम व्हायचे, स्किझोफ्रेनिया होता, असं काही घराण्यात असेल, तर ते त्याला कळू द्या. अशा घरातल्या तरुणांना गांजाने मानसिक आजाराचा धोका जास्त असतो, आणि मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालू असते. हे त्याला आईकडून कळायला हवं, डॉक्टरकडून नंतर नव्हे.

भांगेचं म्हणाल, तर भारताच्या १९८५च्या एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्यात गांजा, चरस येतात; नुसत्या पानांची भांग त्यात येत नाही. पण महाराष्ट्रात तीही परवान्याशिवाय चालत नाही. आणि गांजा कॅनडाबाहेर नेणं हा तिथलाही गुन्हा आहे, डॉक्टरची चिठ्ठी असली तरी. जानेवारीत निघायच्या आदल्या रात्री त्याच्या जॅकेटचे खिसे, बॅगेचे कप्पे त्याच्यासोबत बसून रिकामे करा. चोरून तपासू नका, त्यालाच उघडायला सांगा.